मुद्रांक शुल्कात ३ टक्के सूट, विकासाला ३३ टक्के निधी: २०२० मध्ये राज्याने नेमकं कोणाचं वाचवलं?

हिशेबनीस

परवा सासुरवाडीला मुंज होती. पंगतीत शेजारी आमचे साडू. ते सांगली जिल्ह्यात सरकारी कामं घेतात. फार मोठी नाहीत. शाळाखोल्या, गटारी, वाडीला जोडणारा दीडेक किलोमीटरचा रस्ता, असली. मी डोंबिवलीत लोकांची जीएसटीची रिटर्नं भरून देतो. जिलबी येईपर्यंत सगळं गोडीत चाललं होतं. मग कोणीतरी मंदीचा विषय काढला आणि मी बोलून गेलो, की आलीच मंदी तर सरकारनं २०२० सारखी मुद्रांक शुल्कात सूट द्यावी, बाजार कसा झटक्यात हलला होता! साडूंचा घास हातातच राहिला. "तुम्हाला सूट मिळाली ती माझ्या बिलातनं मिळाली," म्हणाले. पुढं मठ्ठा येईपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

घरी येऊन हिशेब मांडला. मी डिसेंबर २०२० मध्ये ६२ लाखांचा फ्लॅट घेतला. त्याच ऑगस्टच्या अखेरीस राज्य सरकारनं ठरवलं होतं, की १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी आणि त्यापुढं ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी कमी. म्हणजे फ्लॅटच्या किमतीच्या ३ टक्के, माझे १ लाख ८६ हजार वाचले. साडूंचं एक काम फेब्रुवारी २०२० मध्ये पुरं झालं होतं. त्याचं बिल त्या वर्षी निघालंच नाही. कारण ४ मे २०२० चा वित्त विभागाचा निर्णय: वर्षाच्या तरतुदीपैकी ३३ टक्केच निधी मिळेल, नवीन योजना नाही, नवीन बांधकाम नाही, आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण सोडून नवीन भरती नाही.

एकाच सरकारनं एकाच वर्षात कर कमी केला आणि खर्चही कमी केला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मंदीवरचे उपाय म्हणून कर कमी करणं आणि खर्च वाढवणं शेजारी शेजारी, जोडप्यासारखे असतात. माझ्या घरात ते साडूसाडू निघाले. जाणकारांनी सांगावं: मंदीत राज्यानं कर आणि खर्च दोन्ही एकदम कमी करावेत का?

रोकडा

साडूंबद्दल सहानुभूती आहे, पण दोन गोष्टींची गल्लत होतेय. मुद्रांक शुल्क हा मुळातच वाईट कर आहे. माणूस घर बदलतो, म्हणजे व्यवहार करतो, म्हणून दंड! मंदीत तो कमी करणं ही सगळ्यात स्वस्त औषधाची गोळी होती. मुंबईचे आकडे बघा. एप्रिल २०२० मध्ये नोंदणी शून्य. सप्टेंबरमध्ये साडेपाच हजारांच्या वर. डिसेंबरमध्ये १९ हजार ५०० च्या वर. प्रत्येक फ्लॅटमागे गवंडी, सुतार, रंगारी, टाइल्सवाला, पडदेवाला, टेम्पोवाला. सरकारनं स्वतः रस्ता केला असता तर निम्मे पैसे कुठे मुरले असते ते मी सांगायला नको.

चहाटळ

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी दुय्यम निबंधकाच्या दारात टोकन घेऊन साडेसात तास बसलो होतो. मास्क लावून. बाजार हलला की नाही माहीत नाही, माझी कंबर हलायची बंद झाली.

(सोबतचा बिल्डरचा माणूस मात्र निवांत. त्याच्या पिशवीत अकरा दस्त होते.)

खडी_डांबर

रोकडासाहेब, "निम्मे मुरतात" हे म्हणणं सोपं आहे. मी त्या धंद्यातला आहे म्हणून सांगतो बिल कसं अडतं ते.

काम पुरं झालं. शाखा अभियंत्यानं माप पुस्तकात नोंद घेतली, डेप्युटी इंजिनिअरनं तपासलं, बिल वर गेलं. आता बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी दिसला पाहिजे. निधी नाही तर बिल नुसतं फायलीत. आमच्याकडे सगळा खेळ मार्च एंडचा. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात देश बंद. एप्रिलमध्ये नवीन वर्षाची तरतूद, आणि मे महिन्यात ३३ टक्क्यांचा निर्णय. त्या ३३ टक्क्यांत आधीची थकबाकी पहिली बसणार. मग नवीन वर्क ऑर्डर कशाला निघेल?

माझी उधारी कोणाची? खडी क्रशरवाल्याची, डांबराच्या टँकरवाल्याची, जेसीबीवाल्याची. क्रशरवाल्यानं दोन ड्रायव्हर कमी केले. जेसीबीवाल्याचे हप्ते थकले. रोकडासाहेबांचा टाइल्सवाला, पडदेवाला खरा आहे, मान्य. पण आमची साखळीही तेवढीच लांब आहे आणि ती गावात आहे. फ्लॅटची नोंदणी कुठे झाली? मुंबई, ठाणे, पुणे. आटपाडीत कोणी डिसेंबरात फ्लॅट घेतला का?

हिशेबनीस

आटपाडी! साडूंचंही एक काम तिकडचंच. तुम्ही तेच तर नव्हे ना?

खडी_डांबर

नाही हो. मी तुमच्या मुंजीत असतो तर मठ्ठ्याआधीच उठलो असतो.

कोषागारकाका

निवृत्त आहे. नोकरी सगळी लेखा आणि कोषागारात गेली. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिलं असं, की ४ मे चा निर्णय ही कोणाची आर्थिक विचारसरणी नव्हती. तो तिजोरीचा खडखडाट होता. ६ मार्च २०२० ला अर्थसंकल्प मांडला तेव्हा महसुली जमेचा अंदाज सुमारे ३ लाख ४७ हजार कोटी. वर्षाअखेर सुधारित अंदाज उरला सुमारे २ लाख ८९ हजार कोटी. ५८ हजार कोटींचा खड्डा. आता खर्च कापायचा तर कुठं? पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज या तिघांतच निम्म्याहून अधिक महसूल जातो. तिथं हात घालायचा प्रयत्न झाला. मार्च २०२० चा पगार आठवा. आधी अ आणि ब वर्गाचा निम्मा पगार, क वर्गाचा पाव पगार कापणार अशी बातमी आली, ड वर्गाला कात्री नाही. ओरड झाल्यावर कपात नाही, दोन टप्प्यांत देऊ, असं ठरलं. आमदारांच्या वेतनात मात्र एक वर्षासाठी ३० टक्के कपात झाली. दिसायला छान, रकमेनं नगण्य.

तेव्हा कापण्यासारखं उरतं काय? जे अजून सुरू झालं नाही ते. न बांधलेला पूल मोर्चा काढत नाही. प्रत्येक मंदीत प्रत्येक राज्यात हेच होतं. सगळ्यात आधी भांडवली खर्च, म्हणजे रस्ते-पूल-इमारतींचा, जातो, आणि नेमका तोच खर्च रोजगार देतो.

दुसरं, केंद्र आणि राज्य यांच्यात फरक आहे. केंद्राला तूट वाढवायची मुभा जास्त, रिझर्व्ह बँक पाठीशी. राज्याला कर्ज काढायचं तर, केंद्राचं देणं शिल्लक असताना, घटनेच्या २९३ व्या अनुच्छेदाखाली केंद्राची संमती लागते. एरवी राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांची मर्यादा. त्या वर्षी ती ५ टक्क्यांपर्यंत वाढवली, पण त्यातला मोठा हिस्सा अटींवर: एक देश एक रेशनकार्ड, वीज वितरण, नागरी संस्थांच्या सुधारणा वगैरे. एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं राज्यांच्या उचलीची, म्हणजे तिच्याकडून थोड्या दिवसांसाठी घ्यायच्या उसन्या पैशांची, मर्यादा ६० टक्क्यांनी वाढवली, त्यावर महिने ढकलले. वर्षाच्या उत्तरार्धात हात थोडा सैल सुटला, तोवर हंगाम गेलेला.

तिसरं, लोक म्हणतात "राज्यानं कर कमी करावा". कुठला? जीएसटी आल्यापासून राज्याच्या एकट्याच्या हातात उरलं काय? पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक, वाहन कर, वीज शुल्क आणि व्यवसाय कर. संपली यादी. जीएसटीचा दर केंद्र आणि राज्यांची मिळून असलेली जीएसटी परिषद ठरवते.

रोकडा

काका, माहितीबद्दल आभार. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. यादीत हलवण्यासारखं मुद्रांक शुल्कच होतं, ते हलवलं.

कोषागारकाका

हलवलं ना. आणि पेट्रोल-डिझेल कुठल्या दिशेला हलवलं ते विसरलात का? १ जून २०२० पासून राज्यानं दोन्हींवरचा अधिभार लिटरमागे २ रुपयांनी वाढवला. त्याआधी मे महिन्यात केंद्रानं उत्पादन शुल्क पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवलं होतं. कच्चं तेल मातीमोल झालेलं, त्याचा फायदा पंपावर पोचलाच नाही. म्हणजे राज्यानं "कर कमी केला" असं सरसकट म्हणता येत नाही. ६२ लाखांचा फ्लॅट घेणाऱ्याचा कमी केला आणि स्कूटरवाल्याचा वाढवला.

चहाटळ

मी फ्लॅटही घेतला आणि स्कूटरही चालवतो. माझं काय झालं ते कोणी सांगेल का?

अभ्यासिका

मी तेव्हा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करत होते. धाग्यात सगळे बिल आणि दस्त बोलताय, "नवीन भरती नाही" या तीन शब्दांवरून पुढे गेलात.

५ एप्रिल २०२० ची पूर्वपरीक्षा अखेर २१ मार्च २०२१ ला झाली. त्यातही आधीची १४ मार्च ही तारीख तीन दिवस उरले असताना पुढे ढकलली म्हणून पोरं रस्त्यावर उतरली होती. मान्य, सगळा दोष भरतीबंदीचा नाही. कोविड होता, मधे मराठा आरक्षणाला स्थगिती आली. पण विभागांनी पदांची मागणीच पाठवली नाही तर जाहिरातीत जागा येणार कुठून? आमच्या खोलीतल्या चौघींपैकी दोघी त्या वर्षात गावी गेल्या आणि परत आल्या नाहीत. एकीचं लग्न झालं. वडील म्हणाले, जागाच निघत नाहीत तर महिन्याला आठ हजार कशाला पाठवायचे. सरकारचा पगारखर्च वाचला तो त्या खोलीत असा वाचला.

खोलीच्या मालकीणबाई चांगल्या होत्या, लॉकडाउनचं भाडं निम्मं घेतलं. मेसवाल्या काकूंनी मात्र मेसच बंद केली. त्यांची सगळी गिऱ्हाइकं आम्हीच.

खडी_डांबर

ताई, हे लक्षातच आलं नव्हतं. माझ्याकडच्या सुपरवायझरचा मुलगा तलाठी भरतीची वाट बघत होता. आता माझ्याकडेच आहे, मापं घेतो.

सॅक्रामेंटोकर

इथला एक अनुभव टाकतो. अमेरिकेत राज्यांना, एखाददुसरा अपवाद सोडला तर, दरवर्षी जमाखर्चाचा मेळ घालावाच लागतो. त्यामुळे मंदी आली की राज्यं नेमकी उलटी वागतात: लोकांचे हाल तेव्हाच खर्च कापायचा आणि कर वाढवायचा. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात श्वार्झनेगर गव्हर्नर होते. एप्रिलमध्ये विक्रीकर १ टक्क्यानं वाढला. सरकारी कर्मचाऱ्यांना महिन्यातले काही शुक्रवार बिनपगारी सुट्टी. माझा शेजारी राज्याच्या एका खात्यात होता, त्या शुक्रवारी तो गवत कापायचा. आमच्या गल्लीत इतकं नीट कापलेलं गवत पुन्हा कधी दिसलं नाही. आणि जुलैत तर राज्यानं ज्यांचं देणं होतं त्यांना पैशांऐवजी चक्क "नंतर देऊ" अशा हुंड्या दिल्या. साडूंना सांगा, त्यांच्यासारखे इथेही होते, फक्त त्यांच्या हातात निदान कागद होता.

त्या वेळी वॉशिंग्टननं, म्हणजे केंद्रानं, राज्यांना मदत पाठवली म्हणून बरंच निभावलं. वरून पैसा आला नाही तर राज्य एकट्यानं मंदीशी लढू शकत नाही, हे मी इथं बघितलं.

रोकडा

कॅलिफोर्निया हे कर वाढवण्याचं उदाहरण झालं. कमी करून बघितलेलं राज्य सांगा.

सॅक्रामेंटोकर

कॅन्सस. २०१२ मध्ये गव्हर्नर ब्राउनबॅक यांनी प्राप्तिकर मोठ्या प्रमाणात कमी केला, छोट्या धंद्यांच्या एका प्रकारच्या नफ्यावरचा तर पूर्ण माफ. वाढ अपेक्षेइतकी झाली नाही, तिजोरी आटली, शाळांच्या पैशांवरून कोर्टकज्जे सुरू राहिले. २०१७ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या बहुमताच्या विधिमंडळानं गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून ते कर परत आणले. पण खरं सांगायचं तर ती मंदी नव्हती, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला अर्धंच उत्तर.

रोकडा

प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद. मग मीही प्रामाणिकपणे एक कबूल करतो. मुंबईच्या आकड्यांत जानेवारी २०२१ मी टाकला नव्हता. सूट ३ वरून २ टक्क्यांवर आली आणि नोंदणी १९ हजार ५०० वरून साधारण १० हजारांवर घसरली. मार्चमध्ये, म्हणजे मुदत संपताना, पुन्हा साडेसतरा हजारांवर. म्हणजे बरेचसे लोक घेणारच होते, त्यांनी मुदतीच्या आत उरकलं. शिवाय रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, मे २०२० पासून ४ टक्क्यांवर, गृहकर्ज ७ टक्क्यांच्या आत. श्रेय कोणाला किती द्यायचं हा वाद राहणारच. तरी माझं मत बदललेलं नाही: आत्मविश्वास गेलेला असताना मुदतीची सूट माणसाला उंबऱ्याबाहेर काढते.

हिशेबनीस

मीच पुरावा आहे. मी जूनपासून घर बघत होतो. सूट नसती तर मार्चमध्ये घेतलं असतं, पण घेतलं असतंच.

आणखी एक आठवलं. जानेवारी २०२१ मध्ये बिल्डरांना बांधकामाच्या अधिमूल्यात (परवानगीसाठी भरायच्या प्रीमियममध्ये) वर्षाअखेरपर्यंत ५० टक्के सवलत दिली, अट अशी की ग्राहकाचं मुद्रांक शुल्क बिल्डरनं भरायचं. म्हणजे राज्याची आणि महापालिकेची जमा कमी करून बिल्डरनं ग्राहकाला दिलेली भेट! हे वाचल्यावर साडूंच्या वाक्यात तथ्य वाटायला लागलं.

पाटीपेन्सिल

मी निवृत्त शिक्षिका, वय ६७. तुम्ही सगळे २०२० वर अडलात, मला ७२ चा दुष्काळ आठवला. मी तेव्हा पंधरा वर्षांची. बीड जिल्ह्यात आमच्या गावाबाहेर खडी फोडायचं काम निघालं होतं. आई जायची, शाळा सुटली की मीही जायची. हाताला चिंध्या बांधून खडी फोडायची, तिचे ढीग, मग मुकादम माप घ्यायचा. खायला सुकडी आणि लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. त्या मिलोची भाकरी थापताना तुटायची, आई रडकुंडीला यायची.

तेव्हाही राज्याकडे पैसा नव्हताच. शेतसारा कुठून येणार? तरी कामं वाढवली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. आमच्या गावचा पाझर तलाव अजून आहे, गाळ काढायला झालाय. त्यातूनच पुढे रोजगार हमी उभी राहिली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या खटपटीनं. आणि तिच्यासाठी १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. मी नोकरीला लागल्यावर पगारपत्रकात तो कर कापलेला दिसायचा. सहकारी शिक्षक कुरकुरायचे. मी कधी कुरकुरले नाही. मला मुकादम आठवायचा.

अभ्यासिका

ताई, साष्टांग.

रोकडा

आदर ठेवून एक दुरुस्ती. व्यवसाय कर दुष्काळ सरल्यावर आला, दुष्काळात नाही. मंदीत कर वाढवा, असं यातून निघत नाही.

पाटीपेन्सिल

बरोबर आहे तुमचं, आणि मला तेच आवडतं त्यातलं. पावसाळा बरा झाल्यावर पुढच्या दुष्काळाची सोय केली. कर नोकरदाराचा, काम मजुराचं, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं स्वतःच्या खिशातून घालायची, असा कायदा.

कोषागारकाका

ताईंनी दुखरी नस पकडली. व्यवसाय कराची कमाल मर्यादा घटनेतच लिहिलेली आहे. आधी वर्षाला २५० रुपये, १९८८ च्या दुरुस्तीनं २,५००. तेव्हापासून तीच. पगारपत्रकात दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० का कापतात ते आता कळलं का? अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३००. महिना १५ हजारवाला तेवढाच देतो आणि १५ लाखवालाही तेवढाच.

मला विचाराल तर चूक मे २०२० मध्ये झाली नाही. तेव्हा दुसरं काही करणं कठीण होतं. चूक आधीच्या बऱ्या वर्षांत झाली. ज्या वर्षी जमा चांगली असते त्या वर्षी आपण घोषणा करतो, आणि वाईट वर्षी साडूंचं बिल थांबवतो.

रोकडा

काका, बऱ्या वर्षी जमा शिल्लक टाकणारं सरकार निवडून येईल का, हेही सांगा.

कोषागारकाका

माझी नोकरी लेखा विभागात गेली, निवडणूक विभागात नाही.

खडी_डांबर

मला एवढंच वाटतं, की कात्री लावायची तर नवीन कामाला लावा, पूर्ण झालेल्या कामाच्या बिलाला नको. केलेल्या कामाचे पैसे म्हणजे खर्च नव्हे, ती उधारी आहे. सरकारनं माझ्याकडून बिनव्याजी कर्ज घेतलं आणि हिशेबात "काटकसर" लिहिलं. मला मात्र बँकेनं कॅश क्रेडिटवर पुरतं व्याज लावलं.

रोकडा

याला पूर्ण सहमत. इथं माझा तुमच्याशी काही वाद नाही.

चहाटळ

रोकडा सहमत झाले! तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी.

हिशेबनीस

काल साडूंना फोन केला आणि अर्धा धागा वाचून दाखवला. पाटीपेन्सिल ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. त्यांच्या आजीही खडीवर होत्या, हे मला वीस वर्षांच्या नात्यात पहिल्यांदा कळलं. खडी_डांबर यांचं "उधारी" वालं वाक्य मात्र त्यांना सगळ्यात पटलं.

ते बिल मे २०२१ मध्ये निघालं म्हणे, मला माहीत नव्हतं. फक्त सुरक्षा ठेव अजून अडकली आहे. दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातले दोष कंत्राटदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत, कधीच संपला, पण ज्या कार्यालयात अर्ज दिला तिथला क्लार्क बदलून गेला आणि नव्याला मूळ पावती पाहिजे. काका, मूळ पावती हरवली असेल तर काय करायचं असतं?

कोषागारकाका

बंधपत्र द्यायचं, आणि सोबत चलनाची प्रत जोडायची. ठेव जमा झाल्याची नोंद रोखवहीत असतेच, ती तारीख अर्जात लिहा म्हणजे शोधायला कारण उरत नाही. अर्जाची पोच घ्यायला सांगा, शिक्क्यासकट. आणि फेब्रुवारीच्या आत उरका, नंतर मार्च एंड.